चिंधी नसलेली ओळ

लसणाच्या सडक्या पाकळ्या आणि तापलेलं प्लास्टिक एकत्र केलं, तर जो वास येईल तो आमच्या दुकानाचा वास. लग्न होऊन मी उंद्रीला आले तेव्हा तो आधी डोळ्यांत झोंबला, मग जिभेवर बसला, आणि पुढे कधीतरी माझ्या साड्यांच्या घड्यांत राहायला आला. माझ्या पतींचं कृषी केंद्र आहे. कीटकनाशकांच्या बाटल्या सीलबंद असतात, त्यांचा श्वास मात्र सीलबंद नसतो. त्या लसणी वासाच्या खाली तापल्या प्लास्टिकचा जो दुसरा, कोरडा वास होता, तो संगणकाचा. गल्ल्याशेजारी बिलं काढणारं एक जुनं यंत्र होतं, आणि मधल्या खोलीत हिशेबाचं एक नवं. जुन्याच्या पंख्याची घरघर दम्याच्या रुग्णासारखी चढत जाई, एका टोकाला जाऊन थबके, आणि थबकल्यावर आपणही नकळत श्वास रोखून धरलेला आहे असं लक्षात येई.

आज तो वास आला की मला बाटल्या आठवत नाहीत, ती घरघर आठवते. तिच्या मागोमाग आठवतो माझ्या वडिलांचा आवाज.

बाबा मलकापूरच्या बाजारात कापसाचा लिलाव पुकारत. आमच्याकडे त्याला हर्रास म्हणतात. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून ते मूठभर कापूस बाहेर काढत, उन्हात धरत, आणि मग त्यांच्या छातीतून जो आवाज निघे तो रेल्वेच्या रुळांपलीकडे ऐकू जाई. त्या आवाजाला खरबरीत काठ होते आणि आत मऊपणा होता, घोंगडीसारखा. व्यापारी भाव चढवायचा थांबला की बाबा त्याच्याकडे रोखून बघत आणि म्हणत, "काऊन शेठ, हात काऊन आखडला? कापूस हाय, इस्तू नाही." विस्तवाच्या नावाने सगळा बाजार हसे, आणि शेठजींना लाजेकाजेने का होईना, आणखी एक बोली द्यावी लागे.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. शस्त्रक्रियेआधीचे सगळे दिवस मी माहेरी काढले आणि माझा फोन त्यांच्यासमोर उशीवर ठेवून त्यांना बोलतं केलं. ते लिलाव पुकारत. आईला बघायला गेले होते त्या दिवसाची गोष्ट सांगत, आणि ती स्वयंपाकघरातून खोडून काढी. माझ्या लहानपणी मला ज्या नावाने झोपवत, त्या नावाने मला पुन्हा हाक मारत. घर रुळांजवळ आहे. मधेच गाडी जायची. बाबा हात वर करून थांबत, गाडी पूर्ण जाऊ देत, आणि जिथे वाक्य सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. आयुष्यभर गाड्यांशी वाटाघाटी करत बोलत आलेल्या माणसाची ती सवय होती.

शस्त्रक्रिया झाली. गळ्याच्या खळग्यात एक छिद्र राहिलं, त्यातून श्वास येऊ-जाऊ लागला, आणि त्या श्वासाला शब्दांची ओळख उरली नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी एक बोट स्वतःच्या कानावर ठेवलं, मग माझ्या फोनवर. त्यांना स्वतःला ऐकायचं होतं. मी सांगितलं की गाड्यांचे भोंगे काढून, सगळं नीट जोडून दसऱ्यानंतर घेऊन येते. त्यांनी मान हलवली. मग माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. ते वचन होतं हे आम्हा दोघांनाही कळलं.

माझा फोन भरून गेला होता, म्हणून ती सगळी ध्वनिमुद्रणं मी घरच्या संगणकावर उतरवली होती आणि फोन रिकामा केला होता. एक प्रत पेनड्राइव्हवर होती. रोजचं काम त्यावर चढवायचं असल्याने तो यंत्राच्या कुशीत खोचलेलाच असे. बाबांचा आवाज आता जगात तेवढ्या दोन जागी होता, आणि त्या दोन जागा एकमेकींना चिकटून होत्या.

दुपारी कॉलेजातून आले की मी कानाला हेडफोन लावून बसे. घरच्या संगणकावर पूर्वीपासून एक अँटिव्हायरस होता. तो नेमका दुपारीच जागा होई आणि सगळं यंत्र चाळायला घेई, घरातली डबी न् डबी उघडून बघणाऱ्या पाहुण्यासारखा. तो चाळू लागला की पंखा उसळे आणि बाबांचा आवाज तुटू लागे. एकेका शब्दाचे तुकडे पडत. 'का' विचारणाऱ्या त्यांच्या "काऊन" मधला "का" येई, मग पोकळी, मग दूर कुठेतरी "ऊन". गळा कापण्याआधीचा आवाज मला कापलेला ऐकू येत होता. मी हेडफोन काढून टाकी, आणि खोलीतल्या शांततेलाही त्या तुकड्यांची लय लागलेली असे.

एकदा जेवताना मी हे पतींना सांगितलं. त्यांनी घास हातात तसाच धरला. त्यांनी बाबांसाठी रुग्णालयात किती पायपीट केली होती हे मला माहीत होतं.

"म्हणजे औषध जड झालं असन," ते म्हणाले. "तुले तुया बाबाचा आवाज सरळ ऐकू आला पाह्यजे. पाह्यतो मी."

पाहण्याची त्यांची एक रीत होती. कंपनीचं नवीन औषध आलं की ते डोळे मिटून विकत नसत. आधी स्वतःच्या शेतात करून बघत. कपाशीच्या काही ओळींवर एक औषध, काहींवर दुसरं. ओळींच्या तोंडाशी काठी रोवायची आणि तिला चिंधी बांधायची, एका औषधाला लाल, दुसऱ्याला पिवळी. मग हंगामभर त्या ओळींना नावं राहत नाहीत, रंग राहतात. शेतकरी दुकानात येऊन विचारत, "भाऊ, औंदा लाल कसं हाय?" आणि या प्रश्नाचं खरं उत्तर दिल्यामुळेच आमचं दुकान चालत होतं.

तीच रीत त्यांनी यंत्रांना लावली. गल्ल्याशेजारच्या जुन्या संगणकावर त्यांनी पैसे भरून घेतलेला, नावाजलेला अँटिव्हायरस चढवला आणि त्याच्या पडद्याच्या कोपऱ्याला लाल चिंधी बांधली. मधल्या खोलीतल्या नव्यावर दुसऱ्या कंपनीचा, फुकट मिळणारा, त्याला पिवळी. घरचं माझं यंत्रही त्यांनी एका सकाळी, मी कॉलेजात असताना, दुरुस्त केलं. "हलकं केलं," इतकंच सांगितलं.

लाल जड होता. सकाळी यंत्र सुरू केलं की पडद्यावर ते गोल चाक फिरत राही. दुकान झाडून होई, देवासमोर उदबत्ती लागे, पहिलं गिऱ्हाईक येऊन टेके, आणि चाक फिरतच असे. गर्दीच्या वेळी त्याला तपासणीची लहर आली की छापायला दिलेलं बिल मधेच अडके आणि पंख्याची घरघर दारापर्यंत येई. खुरपणी सोडून औषधाला आलेला एक म्हातारा एकदा काउंटरवर कोपर टेकून ते सगळं ऐकत होता.

"भाऊ, तुमच्या डब्ब्याले मावा लागला काय?"

"मावा नाही काका, औषध जास्त झालं."

"मंग करपला म्हना," म्हातारा म्हणाला, आणि बिलाशिवायच बाटली घेऊन गेला.

पिवळा हलका होता, पण आरडाओरडा करणारा. कोपऱ्यात सारख्या चौकटी उघडत. मला विकत घ्या, तुम्ही धोक्यात आहात, मला विकत घ्या. संशयास्पद वाटलेली गोष्ट तो उचलून वेगळी कोंडून ठेवी, आणि त्या जागेला पतींनी नाव दिलं होतं कोंडवाडा. एका सकाळी त्याने आमचा हिशेबाचा प्रोग्रॅमच कोंडवाड्यात टाकला. मोकाट गुरं कोंडणाऱ्याने मालकाच्याच दावणीचा बैल नेऊन कोंडावा, तसं झालं. तो सोडवून आणण्यात अर्धा दिवस गेला, आणि त्या दिवसापासून पिवळ्याच्या ओरडण्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे पतींच्या मनाने घेतलं.

माझं यंत्र मात्र विलक्षण चालू लागलं होतं. बटण दाबलं की पडदा पाण्यासारखा उजळे. दुपारची ती झडती थांबली होती. पंखा जवळजवळ गप्प असे. कान लावला तर दुपारच्या रिकाम्या घरात दूर कुणीतरी दळण पाखडत असावं, एवढाच. बाबांचा आवाज सलग येऊ लागला. त्यांचं खाकरणं, त्यांची जीभ टाळूला लागतानाचा ओला आवाज, वाक्याआधी घेतलेला श्वास. तो श्वास नाकातून घेतलेला होता, गळ्याच्या छिद्रातून नव्हे, आणि तो मला शब्दांहून मौल्यवान वाटे. मी भोंगे काढू लागले. काही ठेवलेही, कारण भोंगा काढला की त्याच्यानंतरची बाबांची वाट पाहणारी शांतताही निघून जात होती.

यंत्राचा हा हलकेपणा मी दोन-तीनदा पतींजवळ वाखाणला. ते सुखावले, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलू लागले.

भाद्रपद सरत आला तेव्हा त्यांनी मला शेतात नेलं. ढग नव्हते, पण ऊन धुरकट होतं, आणि हवेत फवाऱ्याचा वास थिजून राहिला होता. पाखरांचा आवाज नव्हता. लाल चिंधीच्या ओळींची पानं काळसर, कडांना किंचित करपलेली. पिवळ्याच्या ओळी बऱ्या, मधेमधे सुकलेल्या. बांधाकडची शेवटची ओळ मात्र अशी भरली होती की नजर तिथेच जाऊन थांबे. रुंद, कोवळी, निर्मळ पानं, जणू तिला जगात कशाचंच भय नव्हतं. तिच्या तोंडाशी काठी नव्हती. मी म्हणाले की सगळ्यांत चांगली ही.

पती हसले. बघणारे सगळे असंच म्हणतात, त्यांनी सांगितलं. या ओळीवर काहीच मारलेलं नाही, म्हणून तिला औषधाचा त्रास नाही. मग त्यांनी त्या ओळीतलं एक बोंड तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. हिरवं, घट्ट, थंड. मी अंगठ्याने ते फोडलं. आत कापूस नव्हता. काळपट, ओला चोथा होता, आणि त्यात गुलाबी, तांदळाएवढी एक अळी उजेडापासून तोंड फिरवत होती. बोंडावर बाहेरून एक ओरखडाही नव्हता.

मी ते फेकून दिलं. हात पाटाच्या पाण्यात धुतला, तरी तळव्यावर त्याचा थंडपणा संध्याकाळपर्यंत राहिला. घरी आल्यावर मी यंत्र सुरू केलं. ते नेहमीसारखं क्षणात उजळलं. त्याच्या पडद्याला चिंधी नव्हती. घरात कशाला हवी, असं मला वाटलं असावं. शेत आणि यंत्र या दोन गोष्टी त्या संध्याकाळी माझ्या मनात शेजारी आल्या नाहीत.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका कंपनीचा विक्रेता दुकानात आला. हरभऱ्याच्या हंगामासाठी नव्या औषधाची पत्रकं छापायची होती. मजकूर त्याच्या पेनड्राइव्हमध्ये होता. तो पेनड्राइव्ह त्या दिवसांत किती गावांच्या किती दुकानांतल्या यंत्रांतून फिरून आला होता, कुणास ठाऊक. पतींनी तो आधी लाल यंत्रात घातला. चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. मग पिवळ्यात घातला. पिवळ्याने तत्काळ चौकट उघडली, ओरडला, आणि त्यातली एक गोष्ट कोंडवाड्यात टाकली.

"हा त आपल्याच बैलाले कोंडते," पती विक्रेत्याला म्हणाले, आणि पेनड्राइव्ह खिशात घालून जेवायला घरी आले. माझं यंत्र सगळ्यांत चपळ होतं. पत्रकं झरझर छापली गेली. मी ताट वाढत असताना छपाईच्या यंत्राची ती लय ऐकत होते. मला ती आवडलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेडफोन लावले. त्या दिवशी शेवटचं जोडकाम होतं. यंत्राचा पंखा चालू होता, आणि जोरात चालू होता. त्याची ती चढती घरघर मी दुकानात ऐकलेली होती. या खोलीत तिला काही काम नव्हतं. पडद्याची काच गरम झाली होती. तापल्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला होता, आणि माझ्या साडीच्या पदरातून त्याला दुकानाच्या वासाने उत्तर दिल्यासारखं वाटलं.

बाबांच्या ध्वनिमुद्रणांची पडद्यावरची छोटी चित्रं जिथल्या तिथे होती, पण पांढरी पडली होती. प्रत्येक नाव मीच दिलेलं, आणि प्रत्येक नावाला एक अनोळखी अक्षरांची शेपूट फुटलेली. मी एक उघडलं. उघडलं नाही. दुसरं उघडलं. पेनड्राइव्हवरची प्रत उघडून पाहिली. तिथेही तीच शेपूट. मी पाहत असतानाच यादीच्या तळाशी उरलेलं एक चित्र, बाबा आईला बघायला गेले होते ती गोष्ट, माझ्या डोळ्यांदेखत पांढरं झालं. मी तार ओढून काढली, त्याआधीच पडद्यावर एक इंग्रजी मजकूर आला होता. तो शांत, व्यवस्थित, जवळजवळ सभ्य भाषेत होता. तुमचं सगळं आमच्या कुलपात आहे; किल्ली हवी असेल तर किंमत द्या.

बुलढाण्याच्या जाणकाराने यंत्र ठेवून घेतलं आणि काही दिवसांनी परत केलं. नावं सगळी आहेत, आत काही वाचता येण्यासारखं उरलेलं नाही, त्यांनी सांगितलं. किंमत मोजलेल्यांनाही किल्ली मिळतेच असं नाही. निघताना त्यांनी सहज विचारलं की यावर कोणता अँटिव्हायरस होता. मला सांगता आलं नाही.

घरी आले तेव्हा पती अंगणात काठ्या मोजून रचत होते. फवारणीचा हंगाम संपत आला होता. शेतातल्या चिंध्या सुटून त्यांच्या पायाशी पडल्या होत्या, लाल वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या. मी यंत्र ओट्यावर ठेवलं.

"माझ्या मशीनला कोणती चिंधी होती?"

त्यांनी काठी खाली ठेवली. वर पाहिलं नाही.

"कोणतीच."

मग ते बोलले ते तुटक बोलले, आणि माझ्याशी कमी, काठ्यांशी जास्त. एक ओळ कोरी ठेवल्याशिवाय औषध काम करते की नाही हे समजत नाही. घरच्या यंत्राचा बाहेरच्यांशी संबंध नाही, म्हणून तेच कोरं ठेवावं असं त्यांना वाटलं. मला आवाज सरळ ऐकू येऊ लागला, मी खूश होते, मग सांगायचं राहून गेलं. आणि त्या दिवशी पेनड्राइव्ह लावताना हे यंत्र कोरं आहे हे एक क्षण आपल्याला आठवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. नंतर त्यांना पिवळ्याच्या कोंडवाड्यातला आपला बैल आठवला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांच्यावर ओरडले नाही. वाऱ्याने एक पिवळी चिंधी लालांत जाऊन पडली, ती मी उचलून पिवळ्यांत ठेवली.

मी मलकापूरला एकटी गेले. बुलढाण्याचा घाट उतरताना दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती, पांढरी, निर्मळ. मला एकाही बोंडाकडे बघवेना. पिशवीत ते यंत्र होतं. ते का घेतलं, मला माहीत नव्हतं. हात रिकामे नसावेत, इतकंच.

आईने दार उघडलं आणि माझं तोंड पाहायच्या आधीच बोलू लागली. "सकायपासून नवा सदरा घालून बसले. मले हातानं म्हनते स्पीकर पूस. दोनदा पुसला माय, आता काय त्याचा रंग काढू?" डॉक्टरांनी बाबांना एक नवी रीत शिकायला दिली होती: हवा गिळायची आणि तीच वर ओढून तिचा आवाज करायचा. पहाटे उठून मोरीत सराव करतात, आई म्हणाली. नुसते ढेकर निघतात, शब्द अजून एक नाही.

बाबा खिडकीशी बसले होते. गळ्यावर इस्त्री केलेला रुमाल. समोर तिवईवर स्पीकर, त्याच्या शेजारी माझ्यासाठी ओढून ठेवलेली खुर्ची. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला, बटण दाबताच उजळणाऱ्या त्या पडद्यासारखा.

मी खुर्चीवर बसले नाही. त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. आवाज राहिला नाही, बाबा. एकही राहिला नाही. एवढंच सांगितलं, यंत्र हलकं कुणी केलं, चिंधी कुणाला नव्हती, पेनड्राइव्ह कुणी आणला, ते सांगितलं नाही. जावयावर त्यांचा किती जीव होता, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात गाडी आली. खिडकीच्या काचा थरथरल्या, तिवईवरचा स्पीकर हलला. बाबांनी सवयीने हात वर केला आणि थांबले. डबे जात राहिले, जात राहिले. त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही. शेवटचा डबा गेला, रुळांचा नाद विरला, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला, तोंड उघडलं आणि हवा गिळली. रुमाल आत ओढला गेला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग विहिरीच्या तळातून बादली घासत वर यावी तसा, मी कधीही न ऐकलेल्या आवाजात, त्यांचा पहिला शब्द आला.

"काऊन?"